अकरा ग्रॅम

चहा तोलायचा काटा लानयिंगने घरून आणला.
त्याच्यावर फोमचा ठोकळा, पोटात नाणी भरलेली.
अडीचशे ग्रॅम, हलका. तीनशे, चालेल.
साडेतीनशेला मनगट
चाळिसाव्या मिनिटाला कुरकुरतं,
आणि खेळ काय, पहाटेपर्यंतही चालतात.

शेन्झेन, बाओआन, पाचवा मजला. मार्च.
दक्षिणेचं ओलं वारं सुटलंय, भिंतींना पाझर,
खिडक्या लावून घेतल्या तरी फरशी निसरडी.
सर्किटला ओल धरू नये म्हणून
तीन नमुने तांदळाच्या डब्यात पुरलेत
आणि दुपारी भात शिजवायला तांदूळ नाही.

सगळ्यांना सगळं हवं असतं.
भर उन्हात दिसणारा पडदा,
बारा तास तग धरणारी बॅटरी,
जाकिटाच्या खिशात मावणारं अंग,
आणि किंमत शाळकरी पोराच्या गल्ल्याएवढी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत,
पण पायांना सांगायचं कुणी?

उजेड वाढवला की तास गळतात.
तास वाढवले की वजन.
तापट डोक्याची चिप घेतली तर पंखा आला,
पंखा आला की घरघर,
आणि घरघर म्हणजे
शेजारी झोपलेलं माणूस.

इथे ती थांबते.
एकोणिसाव्या वर्षी, चार्जरच्या कारखान्यात,
आठ जणींच्या खोलीत वरच्या बाकावर
ब्लँकेट डोक्यावरून घेऊन ती खेळायची
कुणाचं तरी जुनं, कोपरा उडालेलं यंत्र.
बटण दाबताना श्वास धरायचा.
तरी खालची पेईच्यू एकदा म्हणाली होती,
"तुझे शत्रू लवकर मार गं, मला पाचला उठायचंय."

पंखा खोडला.
चिप सावकाश चालणारी.
चीहंगने हिशेबाच्या वहीतून मान वर केली,
"मंद म्हणतील लोक."
"म्हणू देत. झोपतील तरी."

रात्री फाटकावर फान देशौ जागाच असतो
म्हणून नमुना त्याच्या हातात दिला.
सव्वीस वर्षं त्याने प्रेसवर पत्रे कापले.
उजव्या अंगठ्याचं वरचं पेर
तिथेच कुठेतरी राहिलं.
खिशात अडकू नये म्हणून ठेंगणी केलेली काठी
उरलेल्या पेराखालून सटकत होती.
त्याने तर्जनी वाकडी करून लावली,
आणि तळ्यातले मासे पकडत बसला सकाळपर्यंत.

परत देताना पडद्याबद्दल अवाक्षर नाही.
वेगाबद्दल नाही.
यंत्र उलटं केलं, कडेवरून नख फिरवलं
जशी एखादी शिवण शोधावी.
"हे उघडतं कुठून?"

उघडत नव्हतं.
गोंदाने मिटवलं होतं, दोन मिलिमीटर वाचवायला.
त्या दोन मिलिमीटरांवर
ती महिनाभर खूश होती.

"मग बॅटरी गेली की?"

तिने उत्तर दिलं नाही. जिना चढली,
गोंदाची ओळ पुसली, चार स्क्रू लिहिले,
स्क्रूंसाठी चार खुंट, खुंटांसाठी जाड पाठ.
तीनशे एकचे तीनशे बारा.
काठी दीड मिलिमीटर उंच.
खिशात अडकेल. अडकू दे.

अकरा ग्रॅम फुकट येत नाहीत.
चीहंगने वही तिच्यापुढे सरकवली
आणि पेन्सिल ठेवली, तिनेच खोडावं म्हणून.
तिने डावा स्पीकर खोडला.
आता मासे पकडताना समुद्र
एकाच बाजूने ऐकू येईल.
याचं तिला वाईट वाटतं, आजही.
कुणी विचारलं तर लपवत नाही.

पहिला पुरा जोडलेला नग काट्यावर ठेवला.
तीनशे तेरा.
पुन्हा ठेवला. तीनशे तेरा.
चीहंग स्क्रू मोजू लागला, चारच होते.
लानयिंगने घामेजलेल्या भिंतीवर तळवा टेकवला,
ओला झालेला हात पँटला पुसला, म्हणाली,
"काट्यालाही ओल धरते.
तांदळात ठेव त्याला."